कोरा चमचा

“ओतून दिलंस?” शेफ मार्गारेटनी विचारलं.

“हो.”

“सगळं?”

मी मान हलवली. सिंकच्या जाळीवर भोपळ्याचा केशरी गर अजून रेंगाळत होता. सहा लिटर सूप गेलं होतं, आणि बाहेर जेवणघरात बावीस माणसं पाव मोडत बसली होती.

“काय बिघडलं होतं त्यात?”

“काही नाही.”

“करपलं होतं?”

“नाही, शेफ.”

“पुन्हा खारट झालं?”

“नाही. बरोबर होतं.”

“मग ओतलंस का?”

इंग्रजी मला बऱ्यापैकी येत होतं, पण या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत सापडेना. शेवटी जे ओठावर आलं ते बोलून टाकलं. “कारण मी ते चाखलं.”

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. होबार्ट हे टास्मानिया बेटावरचं बंदराचं गाव. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या पायाशी शोधावं लागतं. तिथल्या एका पाकशाळेत मी शिकायला गेलो होतो. पहिले सात आठवडे पारखून घेण्याचे असत. त्यात टिकलो तर पुढची दोन वर्षं, नाहीतर व्हिसा संपला आणि आपणही घरी. दर शुक्रवारी दुपारी गावातली माणसं शाळेत जेवायला येत आणि आम्ही विद्यार्थी त्यांना रांधून वाढत असू. तो सहावा शुक्रवार होता.

सूप माझ्याकडे होतं. पहिल्या खेपेचं सूप खारट म्हणून बाहेरून परत आलं, आणि त्यात चूक माझीच होती. आमच्याकडे लोणी म्हणजे घुसळून काढलेलं, गोडं. तिथल्या बटरमध्ये मीठ आधीच असतं, वेष्टनावर तसं ठळक लिहिलेलंही होतं, पण वेष्टन वाचतो कोण! शेफनी माझ्या कोटाच्या खिशातला चमचा उपसला. असा एक चमचा प्रत्येकाला पहिल्या दिवशी मिळायचा. चाखायचं, धुवायचा, पुन्हा खिशात. बाकीच्यांचे चमचे एव्हाना चरे पडून मंद झाले होते. माझा दुकानातून आत्ताच आणल्यासारखा लखलखत होता.

“हा कोरा आहे,” त्या म्हणाल्या. “सहा आठवडे तू चाखल्याशिवाय शिजवतो आहेस. नवीन सूप कर, आणि माझ्यासमोर चाख.”

मी नवीन सूप केलं. त्यांच्यासमोर एक चमचा तोंडात घातला. त्या वळल्या, आणि मी पातेलं उचलून सिंकमध्ये उपडं केलं. शपथेवर सांगतो, मी काही ठरवून केलं नाही. हात आपले आपण चालले.

जेवणं उरकल्यावर त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. शेफ मार्गारेट म्हणजे ठेंगणी, रुंद, पन्नाशीची बाई. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. शाळेत शिकवण्याआधी पंधरा वर्षं मासेमारीच्या बोटींवर त्यांनी स्वयंपाक केला होता.

“आता नीट सांग, हॅरी.”

माझं नाव नरहरी. गावदेव नृसिंह म्हणून नरहरी. होबार्टमध्ये दुसऱ्याच दिवशी त्याचा हॅरी झाला होता. मी नीट सांगायचा प्रयत्न केला. माझे वडील आमच्या कृष्णाकाठच्या गावात नृसिंहाच्या देवळाचे आचारी. रोज दुपारी बाराला देवाला नैवेद्य, आणि तो अण्णांच्या हातचा. नैवेद्याचं अन्न चाखायचं नसतं. देवाच्या आधी कुणाची जीभ लागली की ते उष्टं झालं, मग ते देवाला चालत नाही.

“मग मीठ कसं कळतं?”

“वासावरून.”

“मिठाला वास नसतो.”

“नसतो, शेफ. पण वरणात मीठ पडलं की वरणाचा वास बदलतो.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमच्या गावात लोक भूत पाहिलं म्हणणाऱ्याकडे पाहतात. पण मी खोटं बोलत नव्हतो. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मी वाढलो तो देवळाच्या मुदपाकखान्यातच. अण्णा सोवळं नेसून पातेल्यावर वाकत, हाताने वाफ ओढून घेत आणि म्हणत, “नरू, बघ, अजून अळणी आहे.” मग चिमूटभर मीठ पडे, आणि खरंच वाफ बदले. दहाव्या वर्षी मलाही ते कळू लागलं. शंभर पानांच्या आमटीचं मीठ अण्णांनी नाकावर तोललेलं मी पाहिलं आहे, आणि कुणी कधी वरून मीठ मागितलेलं पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र मी शेफना सांगितली नाही. सात वर्षांचा असताना मी खिरीच्या हंड्याच्या काठावरून एक बोट फिरवलं आणि चाटलं. अण्णांनी पाहिलं. रागावले नाहीत, हात उगारला नाही. हंडा उचलला आणि मागच्या दारी गाईपुढे रिकामा केला. मग आंघोळ करून पुन्हा चूल पेटवली आणि नवी खीर केली. नैवेद्याला त्या दिवशी उशीर झाला आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून अण्णा संध्याकाळपर्यंत उपाशी राहिले. मी पोटभर जेवलो होतो. मार बसला असता तर मी विसरून गेलो असतो.

“पण तू तर इथे मासे कापतोस, डुकराचं मांस शिजवतोस,” शेफ म्हणाल्या. “त्याला तुझा देव काही म्हणत नाही?”

मटण खायला मी पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकतानाच शिकलो होतो. जानवं खुंटीवर होतं. धर्म म्हणाल तर केव्हाच बुडाला होता. राहिला होता तो एवढा चमचा, आणि तो काही केल्या तोंडाकडे जात नव्हता.

“मी एकदा बोटीवर शिंपल्यांचा रस्सा केला,” शेफ म्हणाल्या. “घाईत चाखला नाही. शिंपले खराब होते. अकरा माणसं तीन दिवस ओकत होती, आणि जमीन दोनशे मैलांवर. तेव्हापासून माझा नियम आहे, जे काही व्हायचं ते आधी मला होऊ दे. तुझ्याकडे ते उष्टं असेल, हॅरी. माझ्याकडे ती जबाबदारी आहे.”

“कळतं मला.”

“कळून उपयोग नाही. पुढच्या शुक्रवारी मी तुझ्या शेजारी उभी राहीन. तीनदा चाखायचं, आणि तेच पातेलं बाहेर वाढायचं. नाही जमलं तर मी तुला पुढे पाठवणार नाही. तू वर्गातला सगळ्यात चांगला हात आहेस, म्हणून वाईट वाटेल. पण नाही पाठवणार.”

मी खोलीवर आलो. शनिवारी दिवसभर सराव केला. बटाट्याची पातळ भाजी केली, चमचा भरला, ओठापर्यंत नेला. कधी हात थांबला, कधी हात पोचला पण घास घशाशी अडला. एकदा गिळलंसुद्धा. मग ती भाजी बशीत काढून शेजारच्या खोलीतल्या मुलाला द्यायला निघालो आणि दारातून परत फिरलो. उष्टं कसं द्यायचं? सगळी भाजी मीच खाल्ली, रविवारी सकाळीही तीच खाल्ली, आणि खाता खाताच ठरवलं की आता पुरे, परत जायचं.

रविवारी दुपारी एकला मी गावी फोन लावला. तिकडे सकाळचे साडेआठ वाजले असणार, अण्णांची पूजा झालेली असणार. ते घरी असतील याची खात्री होती, कारण गुडघे धरल्यामुळे त्यांनी दोन वर्षांपूर्वी देवळाचा स्वयंपाक सोडला होता आणि पळी माझ्या चुलतभावाच्या, मुकुंददादाच्या हातात दिली होती. निदान मला तेव्हा एवढंच माहीत होतं.

“अण्णा, मी परत येतोय.”

“आँ? का रे? बरं नाहीये का?”

“बरा आहे. पण मला इथे नाही जमायचं.”

“जेवायचे हाल होतात का?”

“जेवायचे कसले हाल, अण्णा, स्वयंपाकच शिकतोय.” आणि मग मी सगळं सांगून टाकलं. बटर, चमचा, सहा लिटर सूप, पुढचा शुक्रवार. सांगताना माझा आवाज चिरकला. तेवीस वर्षांचा घोडा झालो होतो, पण बापाच्या कानाशी रडू आवरेना.

फोनकार्डाची मिनिटं चालली होती. पलीकडे आमच्या अंगणातला पितळी नळ ठिबकतो तसा आवाज येत होता.

“अण्णा?”

“ऐकतोय.” मग घसा खाकरून म्हणाले, “नरू, दार लावून घेतलंयस का?”

“इथे मराठी कुणाला कळतंय!”

“तरी लाव.”

मी उठून दार लावलं.

“मी चाखत होतो,” अण्णा म्हणाले.

“काय?”

“नैवेद्य. तीन वर्षं चाखत होतो. गुडघ्यांचं आपलं मी लोकांना सांगितलं, तुलाही सांगितलं. नाक गेलं होतं माझं. एक ताप आला आणि वास जो गेला तो परत आलाच नाही. उदबत्ती कळेना, फोडणी कळेना. जिभेला तेवढं खारट-आंबट कळायचं. मग काय करणार? पळीतलं थेंबभर तळहातावर घ्यायचं, मागच्या दारी जायचं, आणि चाटायचं. हात धुऊन परत यायचं.”

“तीन वर्षं?”

“तीन वर्षं.”

“आणि देवाला तेच...”

“तेच. जेवला की तो. काही झालं नाही. पाऊस पडायचा तेव्हा पडला, तू परीक्षा पास झालास, गावात कुणाचं काही वाकडं झालं नाही. शेवटी मलाच लाज वाटली म्हणून सोडलं.”

माझ्या एका बोटापायी हंडाभर खीर गाईपुढे ओतणारा माणूस, आणि तोच मागच्या दारी उभा राहून तळहात चाटत होता! त्या खिरीपासून या सुपापर्यंत मी जे ओझं वाहिलं ते कुणाचं? मला संताप आला. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांचा राग आला, आणि तो साधासुधा नव्हता.

“आता तुला काय वाटायचं ते वाटू दे,” अण्णा म्हणाले. “पण ती बाई बरोबर सांगतेय. देवाला खारट चालतं, खराबही चालतं, त्याला काही बाधत नाही. माणसाला बाधतं. देवळातलं देवळात ठेव. शुक्रवारी चाख आणि वाढ. आणि परतबिरत काही यायचं नाही. इथे मी मजेत आहे.”

आई गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघंच होतो, आणि आता ते एकटे होते. ‘मजेत आहे’ हे कितपत खरं, एवढं तरी मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. रागाच्या भरात “बरं” म्हणून फोन ठेवला.

शुक्रवारी शेफ मार्गारेट माझ्या उजव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या. मी कांद्याचं सूप करत होतो. कांदा तांबूस झाल्यावर पहिला चमचा, पाणी घातल्यावर दुसरा, उतरवताना तिसरा. तिन्ही वेळा मनात एकच वाक्य होतं, ‘तुम्हीसुद्धा चाखत होता ना, अण्णा?’ त्या रागाने माझा हात सोडवला. तिसऱ्यांदा चाखलं तेव्हा मीठ किंचित कमी लागलं. ते मी घातलं, आणि तेच पातेलं बाहेर गेलं.

“विष प्यायल्यासारखं तोंड करू नकोस,” शेफ म्हणाल्या. मग माझ्या खिशात चमचा परत खोचून दुसऱ्या मुलाकडे गेल्या. त्या संध्याकाळी पुढे गेलेल्यांच्या यादीत माझं नाव होतं.

पुढचं सगळं त्या चमच्यावर उभं राहिलं. दोन वर्षं शाळा, मग नोकऱ्या, मग बंदराजवळ माझं स्वतःचं छोटंसं रेस्तराँ. अण्णांवरचा राग वर्षभरात विरला, आणि उरला तो एक झकास किस्सा. माझ्या हाताखालच्या मुलांना मी तो सांगायचो, गिऱ्हाइकांना सांगायचो. माझा बाप तीन वर्षं देवाला फसवत होता, म्हणून मी आज तुम्हाला फसवत नाही! लोक खो-खो हसायचे.

पाच वर्षांपूर्वी अण्णांच्या पंचाहत्तरीला मी गावी गेलो. देवळाच्या ओवरीत पन्नास पानं बसली होती. जेवणानंतर कुणीतरी म्हणालं, नरहरी, तू दोन शब्द बोल. मी उभा राहिलो. आपल्याच माणसांत होतो, पोट भरलेलं होतं, आणि मला शब्द सुचले ते तेच. सूप, चमचा, फोन, मागचं दार, तळहात, सगळं नकलांसकट सांगितलं. पोरंसोरं हसली. म्हातारे हसले नाहीत. देवळाचे जुने पंच बळवंतराव पाटावरून हळूच म्हणाले, “काय अण्णा? खरं का हे?”

अण्णांनी विडा तोंडात घालता घालता हात थांबवला.

“खरं आहे,” ते म्हणाले. “पोरगं कशाला खोटं बोलेल?”

बळवंतराव उठले, आणि अण्णांकडे न बघता हात धुवायला गेले. त्यांच्यामागून आणखी तिघे-चौघे उठले. मुकुंददादाने माझं मनगट धरलं आणि मला ओढत मुदपाकखान्यात नेलं.

“अक्कल गहाण टाकलीस का रे परदेशात? काय बरळत होतास?”

“त्यांनीच मला सांगितलंय, दादा. फोनवर.”

“काय सांगितलं? तीन वर्षं?” दादाने माझं मनगट सोडलं. “अरे, तीन वर्षं कसली, एकदासुद्धा नाही. संक्रांतीला ताप आला, त्यात नाक गेलं. त्यांना वाटलं सर्दी आहे. रथसप्तमीला अंथरुणातून उठून तीळ भाजायला घेतले. तीळ करपले, मला दारात वास आला, आणि ते शेगडीपाशी उभे राहून ढवळतायत! मी ओरडलो तेव्हा त्यांना कळलं. तिथेच पळी माझ्या हातात दिली. ‘मुकुंदा, आजपासून तू.’”

“मग चाखायचे ते...”

“मीच म्हटलं होतं त्यांना. म्हटलं, अण्णा, तळहातावर थेंबभर घ्या, मागच्या दारी जाऊन चाखा, कोण बघतंय! चाळीस वर्षांचं काम असं एका दिवसात सोडू नका. तर म्हणाले, ‘ज्याला वाढायचं तोच बघतोय.’ आणि त्या दिवसापासून या खोलीचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही.”

मी मुदपाकखान्याच्या मागच्या दाराकडे बघत राहिलो. मला जे दृश्य वीस वेळा रंगवून सांगता येत होतं, ते इथे कधी घडलंच नव्हतं. ते मुकुंददादाच्या तोंडून अण्णांनी ऐकलं होतं, नाकारलं होतं, आणि मी रडत होतो त्या रविवारी सकाळी माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. आणि मी ते त्यांच्याच देवळात, त्यांच्याच पंगतीत सांगून मोकळा झालो होतो. मी तिथेच तांदळाच्या पोत्यावर बसलो.

घरी गेल्यावर मी अण्णांसमोर बसलो.

“मी उद्या बळवंतरावांकडे जातो. सगळ्यांना खरं सांगतो.”

“म्हणजे मी खोटारडा ठरणार,” अण्णा म्हणाले. “आत्ता तर सगळ्यांदेखत सांगितलंय मी. या वयात शब्द फिरवायला लावतोस होय?”

“पण का सांगितलंत मला तसं? नुसतं ‘चाख’ म्हणाला असतात तरी...”

“चाखलं असतंस?”

नसतंच चाखलं.

“मग झालं तर,” अण्णा म्हणाले. “तू घाबरला होतास. पोर घाबरलं की त्याला दाखवायला लागतं की बघ, मी पण पडलो, काही मोडलं नाही.”

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक मी केला. भात, पुरणपोळ्या, आणि अण्णांच्या पद्धतीची कटाची आमटी. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मी चमचा हातात घेतला नाही. पातेल्यावर वाकलो, हाताने वाफ ओढून घेतली, आणि त्यांनी आयुष्यभर देवासाठी रांधलं तसं त्यांच्यासाठी रांधलं. पान मांडलं.

अण्णांनी आमटीची वाटी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. “चाखलीस ना?”

“चाखली,” मी म्हणालो.

ते जेवू लागले. आमटी भातावर घेतली, मग नुसती प्यायले. “छान झालीय,” म्हणाले. “मीठ अगदी बरोबर.”

मी माझं पान घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला. आमटीत मीठच नव्हतं. कणभरही नव्हतं. वाफेची ओळख मी केव्हाच विसरलो होतो, आणि मीठ घालायचं राहून गेलं होतं. अण्णांचं नाक गेलं असलं तरी जीभ शाबूत होती. मी मान वर केली.

अण्णांनी रिकामी वाटी माझ्यापुढे धरली होती. “बघतोस काय?” ते म्हणाले. “वाढ अजून.”